टिपणीस मॅडमची खात्री

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाच्या रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी एक्स्पोर्टची कागदपत्रं करायच्या कामाला लागलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी लॅबच्या प्रमुख टिपणीस मॅडमनी मला तिकडे बोलावून घेतलं. जर्मनीला जाणाऱ्या मालाचं तपासणीचं सर्टिफिकेट टाइप करून मी त्यांच्या सहीसाठी पाठवलेलं. खरं तर ते आधीच्या खेपेचंच होतं, मी फक्त बॅच नंबर आणि तारीख बदललेली. माझ्या आधीच्या माणसाने जाता जाता मला तसंच शिकवलं होतं.

मॅडमचं वय पंचावन्नच्या पुढे, अंगकाठी बारीक, पांढऱ्या कोटाच्या खिशाला पेन्सिल. त्या माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होत्या.

"हा माल किती शुद्ध आहे म्हणून लिहिलंयस?"

मी आकडा वाचून दाखवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"मागच्या सर्टिफिकेटवर होता, मॅडम."

"आणि मागच्या सर्टिफिकेटला कोणी सांगितलं?"

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "या बॅचचा नमुना अजून माझ्याकडे आलेलाच नाही. तू टाइप केलंयस ते उद्या खरंही निघेल. पण आज ते खरं नाही. जा."

'तुला कोणी सांगितलं' हे कंपनीत सगळ्यांना पाठ होतं. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की आज उसळ चांगली झालीय, तर चार जण एकदम विचारायचे, "तुला कोणी सांगितलं?" मॅडम ते ऐकायच्या आणि पोळीचा तुकडा मोडत राहायच्या. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, किंवा वाटत असलं तरी दिसायचं नाही.

दुपारच्या सुट्टीत त्या पेपर वाचायच्या. आधी परदेशाचं पान, मग व्यापाराचं, आणि गावच्या बातम्या शेवटी. हातात पेन्सिल असायचीच. 'सूत्रांकडून समजते' असं कुठे दिसलं की त्याच्याखाली रेघ, आणि समासात प्रश्नचिन्ह. त्यांनी वाचलेला पेपर नंतर आमच्या हातात आला की त्यावर बातम्यांपेक्षा प्रश्नचिन्हंच जास्त. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी लांबलचक काही पाठवलं, की अमुक देशाने तमुक देशाचं पाणी तोडलं, अमेरिकेने कर वाढवला तो कुणाच्या सांगण्यावरून, तर त्याखाली मॅडमचं एका शब्दाचं उत्तर यायचं: "स्रोत?" हळूहळू लोकांनी दुसरा ग्रुप काढला, त्यांना वगळून. मी त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये होतो.

जगात कुठे लढाई लागली की आमच्याकडे ती आधी गोडाऊनमध्ये यायची. तांबड्या समुद्राकडून जहाजं येईनाशी झाली, आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, तेव्हा ड्रम उशिरा आले तरी युद्ध, कमी आले तरी युद्ध, आणि गेटवरचा पंखा बंद पडला तरी युद्ध, असं चाललेलं. त्याच दिवसांत एका व्यापाऱ्याकडून काही ड्रम आले. लेबल परदेशी, छपाई झकास. आमचे प्लांट मॅनेजर सामंत साहेब खूश होते, कारण माल नाही म्हणून दोन दिवस उत्पादन बंद होतं.

मॅडम गोडाऊनमध्ये आल्या, ड्रमाभोवती एक चक्कर मारली आणि लेबलाचा कोपरा नखाने खरवडायला लागल्या. सामंत साहेब म्हणाले, "मॅडम, नमुना घ्या आणि रिपोर्ट द्या. लेबल काय तपासताय? जहाज किती लांबून आलंय माहितीये ना, युद्धामुळे?"

"जहाज लांबून आलं ते युद्धामुळे," मॅडम खरवडता खरवडता म्हणाल्या. "पण एका ड्रमला दोन लेबलं कशामुळे?"

खाली खरंच दुसरं लेबल होतं. माल इथलाच होता आणि त्याची वापरायची मुदत केव्हाच संपलेली. ड्रम परत गेले. उत्पादन आणखी चार दिवस बंद राहिलं. सामंत साहेबांनी त्यांचं कौतुक केलं, पण दात आवळून.

घरीही त्या तशाच होत्या असं त्यांच्याच तोंडून कळायचं. त्यांच्या मुलाचा फ्लॅट ठाण्याला बाळकुममध्ये, नव्या मोठ्या संकुलात. गेटवर हिरव्या अक्षरांत पाटी, 'शून्य कचरा संकुल'. प्रत्येक घराला दोन डबे, ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा. केळ्याची साल चुकून निळ्यात पडली तर सून नातीला रागवायची. मॅडम आठवडाभर राहायला गेलेल्या. एका सकाळी चहाचा कप घेऊन गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गाडी आली. हिरवे डबे तिच्यात उपडे झाले आणि तिच्यातच, त्याच भोकातून, निळेही झाले. मुलगा सोसायटीच्या कमिटीवर होता.

"तो म्हणाला, आई, तू इथे पाहुणी म्हणून ये ना गं," मॅडम आम्हाला सांगत होत्या. "मी म्हटलं, पाहुणी म्हणूनच उभी होते. तुम्ही रोज इथून ऑफिसला जाता, तुम्हाला दिसत कसं नाही?"

"मग पुढे काय झालं?" मी विचारलं.

"पाटी अजून आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचा संशय दर वेळी खरा ठरायचा असं नाही. मुरबाडकडून एक म्हातारे गृहस्थ, धर्मा काका, वर्षातून एकदा मध विकायला कंपनीत यायचे. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं की यात साखरेचा पाक आहे, मधाचा रंग असा नसतो. काकांनी बाटल्या गोळा केल्या आणि निघाले. मॅडमनी एक बाटली आधीच ठेवून घेतलेली, ती संध्याकाळपर्यंत तपासली. मध शुद्ध होता. पुढच्या वर्षी काका आमच्या गेटवर फिरकलेच नसते. मॅडम रविवारी त्यांचं गाव शोधत गेल्या आणि काकांना घेऊन सोमवारी कॅन्टीनमध्ये आल्या. जेवणाऱ्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "यांचा मध चांगला आहे. मी तपासलाय. मी बोलले ते चुकीचं होतं." काका अवघडून उभे होते. एवढ्या लोकांसमोर कुणी माफी मागावी याचीही त्यांना सवय नसावी.

हे सगळं सांगतोय ते पुढचं कळावं म्हणून.

युरोपात नवे नियम आले. माल कुठून येतो, तो बनवताना पाण्याचं काय होतं, हवेत काय सोडलं जातं, हे तिथल्या कंपन्यांना आता माल विकणाऱ्याला विचारावंच लागत होतं. आमच्या सगळ्यात मोठ्या बायरने, म्हणजे माल घेणाऱ्या तिकडच्या कंपनीने, बऱ्याच पानांचा एक फॉर्म पाठवला. शेवटच्या पानावर लॅब प्रमुखाची सही हवी होती: सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडलं जातं, याची मी खात्री केलेली आहे.

सामंत साहेबांनी त्याआधीच गेटजवळ काचेची मोठी टाकी बांधून घेतलेली. प्लांटमधून शुद्ध होऊन निघालेलं पाणी त्यात सोडतात, असं सांगितलं जायचं, आणि त्या पाण्यात मासे. नारिंगी, पांढरे, ठिपक्यांचे. पाहुणे आले की टाकीसमोर फोटो व्हायचे. पाण्यात मासे जगतायत म्हटल्यावर कोण काय विचारणार.

मॅडम रोज येता-जाता टाकीपाशी थांबायच्या. आम्हाला वाटायचं, बाईंना मासे आवडतात. एके दिवशी सही घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "प्रशांत, तो फाटक्या शेपटीचा मासा कालपासून दिसत नाहीये."

"मेला असेल, मॅडम."

"हो. पण त्याच्या जागी आज दोन नवे आहेत. मेलेले कोण काढतं आणि नवे कोण आणतं, हे मला कुणी सांगत नाहीये."

त्यांच्या टेबलावर तीन परीक्षानळ्या होत्या. पहिल्यात टाकीचं पाणी, दुसऱ्यात कॅन्टीनच्या नळाचं, तिसऱ्यात शुद्धीकरण प्लांटमधून बाहेर पडणारं. तिन्हींत त्यांनी एकाच बाटलीतले थेंब टाकले. पाण्यात मीठ असलं तर त्या थेंबांनी पाणी पांढरं होतं, त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि आमच्या सांडपाण्यात मीठ खूप. तिसरी नळी दुधासारखी झाली. पहिल्या दोन जेमतेम धुरकटल्या, दोन्ही अगदी सारख्या. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

"म्हणजे टाकीत नळाचं पाणी आहे," मी म्हणालो.

"आज आहे," त्या म्हणाल्या. "कदाचित आज पाइप बंद असेल. अजून काही दिवस बघू."

त्या बघत राहिल्या. दर दोन-तीन दिवसांनी बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, कपाटात लावायच्या. फॉर्म त्यांच्या टेबलावर पडून राहिला. सामंत साहेबांनी विचारलं की उत्तर एकच, "माझी अजून खात्री झालेली नाही."

मग बायरचा मेल आला. तो पहिल्यांदा माझ्याच कॉम्प्युटरवर उघडला. 'आपल्या कारखान्याच्या पाणी व्यवस्थापनाबाबत काही गोष्टी आमच्या लक्षात आणून देण्यात आल्या आहेत', असं एक वाक्य होतं आणि सांडपाण्याचे सगळे अहवाल तातडीने मागवलेले. तोवर पुढची ऑर्डर थांबवली होती.

सामंत साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "लक्षात आणून देण्यात आल्या आहेत. म्हणजे आतल्याच कुणीतरी कळवलंय."

त्या दिवसापासून कंपनीची हवाच बदलली. मोबाइल गेटवर जमा करायचे असा हुकूम निघाला. कॅन्टीनमध्ये डबे एकमेकांत फिरायचे ते बंद झाले. कुणी जिन्यात फोनवर बोलत असला की वरून उतरणारा पावलं हळू करायचा. ऑर्डर गेली तर एक शिफ्ट बंद होणार असं सगळे म्हणत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बंद होणारी शिफ्ट आपलीच. मी टिटवाळ्याहून येणारा, माझं प्रोबेशन संपायला महिना राहिलेला. घरी आई-बाबा धरून बसलेले की आता हा पर्मनंट होणार.

सामंत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं, जे ते कधी सांगत नसत.

"तू लॅबमध्ये जातोस. काही बघितलंस?"

मी सांगितलं. बाटल्या, नळ्या, फोटो. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"मग मेल त्यांनीच केला असणार."

इथे मी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. मला खरंच माहीत नव्हतं. पण साहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं.

"बहुतेक," मी म्हणालो.

दुपारपर्यंत त्या 'बहुतेक'चं 'एक्स्पोर्टवाल्याने बघितलंय' झालं होतं. मॅडमकडून लॅबची किल्ली घेतली, त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. कपाटातल्या बाटल्या त्याच दिवशी मोरीत ओतल्या गेल्या. कंपनीचे मालक, शेठ, यांनी बोलावून विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी कुणालाही काही पाठवलेलं नाही." त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आयुष्यभर जी बाई सगळ्यांवर संशय घेत आली, तिच्यावर संशय घेताना लोकांना थोडं समाधानही वाटत असावं. मला ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही.

मॅडमनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"लॅबमध्ये बघितलंस ते तू सांगितलंस?"

"हो, मॅडम."

"ते ठीकच आहे. बघितलं होतंस. त्याच्यापुढे काही सांगितलंस?"

मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

नव्या लॅब प्रमुखाने फॉर्मवर सही केली. ऑर्डर सुटली. मी पर्मनंट झालो.

पाच-सहा महिन्यांनी नीलेश नावाचा माझा कॉलेजचा मित्र विठ्ठलवाडीला भेटला. तो अंबरनाथला एका कंपनीत माझ्यासारखंच काम करतो. मिसळ खाताना म्हणाला, "यार, आमच्याकडे कोणीतरी गद्दारी केलीय. बायरचा मेल आलेला, तेव्हापासून साहेब सगळ्यांच्या मागे लागलाय." त्याने मोबाइलवर मेल दाखवला. बायर तोच. वाक्यही तेच, शब्दाला शब्द. 'आपल्या कारखान्याच्या पाणी व्यवस्थापनाबाबत काही गोष्टी आमच्या लक्षात आणून देण्यात आल्या आहेत.' तारीखसुद्धा तीच.

मी ऑफिसात येऊन त्या बायरकडून आलेले सगळे मेल पुन्हा उघडले. आमच्या मेलच्या तळाशी, कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की नव्या नियमांनुसार हे पत्र सर्व पुरवठादारांना पाठवण्यात येत आहे. म्हणजे तक्रार कुणीच केलेली नव्हती. मी सामंत साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आता काय उपयोग? झालं ते झालं. आणि नाहीतरी बाईंचा त्रासच होता."

रविवारी मी मॅडमच्या घरी गेलो, डोंबिवली पूर्वेला. त्या एकट्याच राहायच्या. दोन्ही मेलचे प्रिंट त्यांच्यासमोर ठेवले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं की त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी 'बहुतेक' म्हणालेलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

त्यांनी आधी मेल वाचले. तळाची बारीक अक्षरंही. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"तू 'नाही' म्हणालास तेव्हाच मला वाटलं होतं. पण खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही."

मी मान खाली घालून बसलो. त्या रागावतील, घराबाहेर काढतील, असं वाटत होतं. त्या आत गेल्या. बराच वेळ भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही. मग हातात एक वही घेऊन बाहेर आल्या. बाटल्या मोरीत गेल्या होत्या पण नोंदी वहीत होत्या, तारीखवार, आणि वही पहिल्यापासून त्यांच्या पर्समध्येच असायची.

"एकोणीस नमुने आहेत बघ. एकोणीसच्या एकोणीस वेळा टाकीत नळाचं पाणी. तीन नमुन्यांतच कळायला हवं होतं. मी म्हणत राहिले, अजून एक, अजून एक." त्या पानं उलटत होत्या. "आपलं सांडपाणी तसंच नाल्यात जात होतं, प्रशांत. रोज जात होतं. आणि मी खात्री करत बसले होते."

"पण मॅडम, तुमच्यावर तर उगाचच..."

"तेच सांगतेय. लोक म्हणाले, हिने तक्रार केली. मी केलीच नव्हती." त्यांनी वही मिटली. "करायला हवी होती."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मॅडमनी तक्रार केली. तपासणी झाली, काचेची टाकी हलवली, कंपनीला नोटीस आली आणि काही आठवडे काम बंद राहिलं. तेवढे दिवस घरी बसलेल्या कामगारांपैकी एकाने मॅडमना बाजारात गाठून वाट्टेल ते सुनावलं. त्यांनी पिशवी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं, असं मला त्याच्याच तोंडून कळलं. "एक शब्द बोलली नाही रे बाई," तो म्हणाला, आणि हे सांगताना तोच ओशाळलेला होता. शुद्धीकरणाचा प्लांट नंतर दुरुस्त झाला म्हणतात. मी तो पाहिलेला नाही, कारण तोवर मी नोकरी सोडली होती. मॅडम डोंबिवलीचं घर बंद करून मुलाकडे बाळकुमला गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तक्रार द्यायच्या दिवशी, कल्याणच्या सरकारी ऑफिसात. मी सोबत गेलेलो. माझीही सही टाका म्हणालो तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. नमुने त्यांनी घेतले होते, मी नाही.

खिडकीतल्या क्लार्कने अर्ज चाळला आणि चांगुलपणाने म्हणाला, "मॅडम, नाव-पत्ता नाही दिलात तरी चालेल. उगाच तुम्हाला त्रास कशाला."

"निनावी पत्र मला आलं असतं तर मी बाजूला ठेवलं असतं," मॅडम म्हणाल्या. "नाव राहू दे. खाली मोबाइल नंबरही आहे."

त्याने प्रतीवर शिक्का मारला. त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

"तारीख पुसट आलीय. परत मारा."

त्याने शाई लावून पुन्हा मारला. त्यांनी तो वाचला, प्रत पिशवीत ठेवली आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. तिथे त्या थांबल्या. पेन हातातच होतं, त्याचं टोपण लावायचा प्रयत्न करत होत्या आणि ते बसत नव्हतं. मी घ्यायला पुढे झालो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बसेल."

लोक बाजूने जात-येत होते. टोपण बसेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.